सोन्याची घरगुती पारख

ठाकुर्लीहून आगगाडींत बसलें कीं पुढचें स्टेशन कल्याण. हेंच कल्याण सातवाहनकाळीं नामांकित बंदर होतें. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत त्याचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याच्या टांक्याचें दान नोंदविणारा एक लेख आहे. दाता सामिदत्त, गांव कल्याण, धंदा सोनाराचा. ज्या गांवच्या सोनारास असें दान करण्याची ऐपत होती, तेथें सोनें पारखून घेणारीं गिऱ्हाइकेंही असणारच.

त्या पारखीचें शास्त्र कौटिल्यानें अर्थशास्त्रांत बारकाईनें दिलें आहे. दागिना कसोटीवर घांसावयाचा आणि उमटलेली रेघ ठाऊक कसाच्या सोन्याच्या रेघेशीं ताडून पाहावयाची. कलिंगांतील किंवा आपल्या तापीचा मुगाच्या रंगाचा दगड त्यास उत्तम वाटतो. याहून मौजेचें पुढेंच आहे : हत्तीच्या कातडीसारखा हिरवट दगड विकणाऱ्याच्या हिताचा, रंगाला उठाव न देणारा खरखरीत दगड घेणाऱ्याच्या हिताचा. म्हणजे दगडही पक्षपाती! शिवाय तांब्यावर चढविलेला सोन्याचा पत्रा ओळखण्यास दागिना तापवावा, कोरून पाहावा, असें तो सांगतो. कारण रेघ बोलते ती वरच्या थरापुरतीच.

आईनें दिलेली पाटली अडचणींत गहाण टाकावयाची वेळ आली, म्हणजे ठाकुर्लीच्या गृहिणीपुढेंही हाच प्रश्न उभा राहतो. लोहचुंबकाची ख्याति अनाठायीं आहे. लोखंड तेवढें तो पकडील, तांबें-पितळ त्यास दाद देत नाहींत. तेजाब तर घरांत आणूंच नये. त्यापेक्षां आर्किमिडीजच्या नांवावर चालत आलेली पाण्याची युक्ति सरस. शुद्ध सोनें पाण्याच्या १९.३ पट जड, २२ कॅरटचें सुमारें १७.६ ते १८ पट. २० ग्रॅमची भरीव पाटली दोऱ्यानें टांगून पाण्यांत तोलली, तर वजन सुमारें १.१ ग्रॅम घटतें; पितळेची असल्यास २.३ ग्रॅम. काटा मात्र ग्रॅमचा शतांश दाखविणारा हवा. लाख भरलेल्या, पोकळ वा जडावाच्या दागिन्यास ही परीक्षा लागू नाहीं. आणि टंगस्टन सोन्याइतकाच जड असल्यानें तो पोटांत दडला तर पाणीही फसतें.

आणखी एक सावधगिरी. १९६३ सालीं सरकारनें नव्या दागिन्यांस १४ कॅरटची मर्यादा घातली आणि असंख्य सोनारांची रोजी बुडाली. (१९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्यें रद्द झाला.) त्या काळची १४ कॅरटची तितक्याच वजनाची पाटली पाण्यांत सुमारें दीड ग्रॅम घटेल, तिला खोटी ठरविणें अन्यायाचें होईल.

भारतीय मानक ब्यूरोची सोन्यावरील छाप २००० सालीं आली व १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें सक्तीची झाली. २२ कॅरटवर ९१६ हा आंकडा असतो आणि त्याजोडीस त्या नगाची सहा अंकाक्षरांची स्वतंत्र खूण. जुन्या, बिनछापाच्या दागिन्याचा कस ब्यूरोमान्य परीक्षण केंद्रांत शुल्क देऊन तपासून मिळतो. दागिना गहाण टाकण्यापूर्वीं किंवा मोडीस काढण्यापूर्वीं, दुकानदाराचा आंकडा कानीं पडण्याच्या आधीं, तो कागद हातीं असावा.