वाढ आणि मेंदूचा विकास : शैशव ते किशोरवय (घोड-कुकडी खोऱ्याच्या संदर्भात)

जन्मापासून साधारण अठरा-एकोणीस वर्षांपर्यंत उंची, वजन, अवयवांची प्रमाणे आणि मेंदूची रचना यांत ठरावीक क्रमाने होणारा बदल म्हणजे वाढ व विकास. शरीराची वाढ एका लयीत होत नाही. पहिल्या दोन वर्षांत आणि वयात येताना ती झपाट्याने होते, मधल्या काळात संथ असते. मेंदू मात्र आधी वाढून घेतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुके व त्यांच्याखाली पसरलेला शिरूर तालुका मिळून होणारे घोड-कुकडी खोरे या विषयासाठी महत्त्वाचे आहे. इथल्या मुलांच्या वाढीचा पुरावा ताम्रपाषाण युगापासून मिळतो.

पूर्ण दिवसांचे बाळ जन्मतः सुमारे ५० सेमी लांब असते. पहिल्या वर्षात ते आणखी २५ सेमी वाढते. वजन पाच महिन्यांच्या आसपास दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. डोक्याचा घेर ३४-३५ सेमीवरून ४५-४६ सेमीवर जातो. बाळ पालथे पडते, बसते, रांगते, धरून उभे राहते. प्रत्येक टप्प्याच्या वयात काही महिन्यांचे अंतर सहज असते, त्यामुळे शेजारच्या बाळाशी केलेली तुलना बहुधा निरर्थक ठरते. घरोघरी ‘टाळू भरावी’ म्हणून तेल घालतात. टाळू तेलाने भरत नाही. आतला मेंदू वाढत असतो म्हणून कवटीची हाडे तिथे सुटी असतात, आणि साधारण दीड वर्षापर्यंत ती जुळतात. खोल गेलेली टाळू अंगातले पाणी कमी झाल्याची खूण असू शकते. जुलाब झालेल्या बाळाची टाळू आजी आधी चाचपते, ते योग्यच आहे.

जन्मतः मेंदूचे वजन ३५० ते ४०० ग्रॅम, म्हणजे प्रौढ मेंदूच्या सुमारे पावपट असते. दोन वर्षांत तो पाऊणपटीपर्यंत येतो आणि सहाव्या वर्षापर्यंत नव्वद टक्के. नुसत्या वजनावरून आतली घडामोड कळत नाही. चेतापेशींमध्ये सुरुवातीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात. वापरात येतात त्या पक्क्या होतात, उरलेल्या छाटल्या जातात. पाहणे व ऐकणे यांच्या केंद्रांत हे काम लवकर उरकते. विचार, संयम आणि परिणामांचा अंदाज सांभाळणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. चेतातंतूंवर चढणाऱ्या मायलिन या स्निग्ध आवरणामुळे संदेश वेगाने जातात. या घडणीला लोह, आयोडीन, स्निग्धांश आणि ब-१२ जीवनसत्त्व लागते.

मेंदू खर्चिक अवयव आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू दिवसभरातील एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वापरतो. याच वयात उंची वर्षाला जेमतेम पाच-सहा सेमी वाढते. मूल ‘अंग धरत नाही’ म्हणून आया काळजी करतात, पण त्या वयात मेंदू आधी आपला वाटा घेतो आणि उरलेल्यात शरीर भागवते. मेंदूलाही लागेल तेवढे सारे मिळतेच असे मात्र नाही. उपासमार किंवा वारंवारचे आजार लांबले की उंची खुंटते, आणि शिकण्याची क्षमताही मागे राहण्याचा धोका वाढतो.

वाढीचे मापन दिसते तितके सोपे नाही. दोन वर्षांखालील मुलाला झोपवून लांबी मोजतात, त्यापुढे उभे करून उंची. एकाच मुलाची झोपून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेमी जास्त भरते. अंगणवाडीत फळीवर ठेवलेले बाळ रडत गुडघा दुमडते, सेविका एका हाताने पाय दाबून दुसऱ्या हाताने आकडा वाचू पाहते आणि एखादा सेंटीमीटर तिथेच गळतो. तेवढ्याने मूल ‘खुजे’ या गटात जाऊ शकते. दंडाचा घेर ११.५ सेमीपेक्षा कमी भरला तर सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल तीव्र कुपोषित, गावच्या बोलीत ‘सॅम’, धरतात. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मानके वापरतात. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, आणि ते तयार करण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुजी आढळली. आधीच्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ३४.४ टक्के होते, म्हणजे मधल्या काळात सुधारणा थांबली, उलट प्रमाण किंचित वाढले.

आंबेगावच्या आहुप्याकडे उगम पावणारी घोड नदी खाली शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून वाहते. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वस्ती सापडली. लहान मुले बहुधा घरातल्या जमिनीखालीच, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली होती. अशा सांगाड्यांवरून वाढ मोजण्याची रीत अशी : दातांच्या घडणीवरून वय काढायचे, मांडीच्या हाडावरून उंची, आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते पाहायचे. दात वयाप्रमाणे पुढे गेलेले आणि हाड मागे राहिलेले असेल, तर ते मूल खुरटले होते. दाताचे कवच एकदा तयार झाले की पुन्हा घडत नाही. म्हणून आजारपणात किंवा उपासमारीत वाढ थबकली की त्यावर उमटणारी आडवी खाच कायम राहते.

आजच्या मुलांविषयीचा सर्वांत मोलाचा अभ्यासही याच पुणे जिल्ह्यातला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी वजनाच्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. दिसायला किरकोळ, आतून चरबीदार अशा या बाळांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त, असा याज्ञिकांचा सिद्धान्त आहे. वजनकाट्यावर ही गोष्ट दिसत नाही, आणि नुसत्या वजनावर चालणाऱ्या पोषण कार्यक्रमांची मर्यादा इथेच आहे.

याच अभ्यासात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाण्यात असलेल्या मातांची बाळे मोठी भरली. शेतकाम, पाणी वाहणे अशी कष्टाची कामे जास्त करणाऱ्या मातांची बाळे लहान होती. बहुसंख्य मातांच्या रक्तात ब-१२ कमी होते. अशा काही मातांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा लक्ष टिकवणे आणि आकडे उलट क्रमाने म्हणणे या चाचण्यांत ती मागे पडली.

ब-१२ फक्त प्राणिज अन्नातून मिळते, त्यामुळे शाकाहारी घरात भिस्त दुधावर. पूर्व जुन्नरमधील राजुरी, आळे, बेल्हे हा पट्टा बागायती आणि दुभत्याचा आहे. ऊस, कांदा, टोमॅटो आणि दारात गाई. तरीही दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते, हे ग्रामीण महाराष्ट्रात नवे नाही. मूल काय पिते हे अशा घरात गोठ्यातल्या गाईंच्या संख्येवरून सांगता येत नाही. पश्चिमेला भीमाशंकर-आहुपे बाजूच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या आहेत. भात-नाचणीची शेती, हिरड्याचे उत्पन्न आणि हंगामी स्थलांतर. तिथे अडचण वेगळी आहे. घरात दुभते मुळातच कमी, आणि कुटुंब कामाला बाहेर पडले की मुलाच्या वजनाची नोंद मध्येच तुटते. आदिवासी भागात २०१५ पासूनच्या अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण मिळते. पुढे मुलांना अंडी किंवा केळी देण्याची सोय तीत जोडली गेली. मेंदूच्या घडणीच्या दृष्टीने अंड्याचे पारडे जड आहे, आणि शाकाहाराच्या आग्रहापायी ते ताटातून काढण्याच्या मागण्यांना आहारशास्त्राचा आधार नाही.

मुलींत उंचीची झेप मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी येते. सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच दिसतात त्या यामुळे. ऐन झेपेत मुली वर्षाला सुमारे आठ, मुले नऊ-दहा सेमी वाढतात. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची थोडीच वाढते, पण कटिरातील हाडांची रुंदी आणखी काही वर्षे वाढत राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे नोंदले आहे. वाढ पुरी न झालेल्या शरीरात गर्भ राहिला की आई आणि बाळ एकाच तुटपुंज्या पोषणाचे वाटेकरी होतात.

मातांच्या रक्तात ब-१२ कमी आढळल्यामुळेच के.ई.एम.च्या गटाने पहिल्या अभ्यासातील मुले किशोरवयात आल्यावर, २०१२ मध्ये, ‘प्रिया’ हा प्रयोग सुरू केला. ब-१२ च्या गोळ्या गरोदरपणात सुरू करण्याऐवजी लग्नाच्या कितीतरी आधी, सतराच्या आसपासच्या मुलामुलींना देण्यात आल्या. पुढे या मुलींना झालेल्या बाळांची दोन ते साडेतीन वर्षांच्या वयात तपासणी झाली, तेव्हा केवळ ब-१२ मिळालेल्या मातांची मुले आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत पुढे आढळली.