अँथ्रासायक्लिन औषधे आणि मात्रेची मर्यादा

मातीतील सूक्ष्मजीवांपासून मिळालेली, परंतु जंतूंऐवजी कर्करोगावर योजली गेलेली अँथ्रासायक्लिन औषधे प्रथम तांबडी रंगद्रव्ये म्हणून ज्ञात झाली. जर्मनीत हान्स ब्रॉकमान यांनी १९५० मध्ये वर्णिलेल्या र्‍होडोमायसिन द्रव्यांस औषधाचा मान मिळाला नाही. तो पुढे मिलानच्या फार्मितालिया कंपनीतील संशोधकांच्या शोधास लाभला. आपुलिया प्रांतातील कास्तेल देल मोन्ते या तेराव्या शतकातील दुर्गाजवळच्या मातीत त्यांना स्ट्रेप्टोमायसीज प्यूसेटियस सापडला. जीवाचे आणि त्याच्या डॉनोमायसिन या द्रव्याचे, अशी दोन्ही नावे त्या प्रदेशातील प्राचीन जमातींवरून पडली. फ्रान्समध्येही तेच द्रव्य त्याच सुमारास स्वतंत्रपणे हाती आले. तीव्र रक्तकर्करोगात ते गुणकारी ठरले. मूळ जीवात उत्परिवर्तन घडवून मिळविलेले अॅड्रियामायसिन, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन रेणूंत भेद एकाच हायड्रॉक्सिल गटाचा. तथापि घन अर्बुदांवर दुसऱ्याचा प्रभाव कितीतरी व्यापक.

परंतु अर्बुद ओसरलेले काही रुग्ण पुढे हृदय दुर्बल होऊन दगावू लागले. १९७३ मध्ये ३९९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ११ जणांना हृदयविकार जडला होता. शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला एकूण ५५० मिलिग्रॅम ही मर्यादा त्यातून रूढ झाली. मर्यादा हा शब्दच येथे दिशाभूल करणारा आहे. १९७९ च्या मोठ्या पाहणीत हृदयविकाराचे प्रमाण ४०० मिलिग्रॅमला ३ टक्के, ५५० ला ७ आणि ७०० ला १८ टक्के आढळले. म्हणजे चढण अखंड होती. कोठेही उंबरठा नव्हता. शिवाय ही गणना जुन्या रुग्णनोंदींवर उभी होती. हृदयाची वेळोवेळी तपासणी झालेल्या चिकित्सा-चाचण्यांतील रुग्णांचा हिशेब २००३ मध्ये मांडला गेला, तेव्हा तेच आकडे ५, २६ आणि ४८ टक्के निघाले. औषध तेच होते. पाहण्याची रीत बदलली होती.

कारणमीमांसा बरीच मागून आली. टोपोआयसोमरेज-२ हे विकर डी.एन.ए.चे धागे तोडून पुन्हा सांधते. औषध त्यास तुटलेल्या अवस्थेतच अडकवते, हे १९८४ मध्ये दिसले. वाढत्या अर्बुदपेशीत त्याचे अल्फा रूप विपुल असते, तर प्रौढ हृदयपेशीत बीटा रूप. हृदयपेशींतील बीटा रूप काढून टाकलेल्या उंदरांची हृदये डॉक्सोरुबिसिनपासून बव्हंशी बचावली, असे २०१२ मध्ये सिद्ध झाले. ५५० चा आकडा रूढ होऊन तोवर ३९ वर्षे लोटली होती.