विषारी वाफ व बुद्धिहानि : पुराव्याचा विचार

कारखान्यांतील विषारी वाफेनें कामगाराच्या बुद्धीस अपाय होतो, हें केव्हां व कोणत्या प्रमाणानें सिद्ध झालें, ह्याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

पॅरिसचे वैद्य देल्पेश ह्यांनीं १८५६ सालीं रबराच्या कामगारांची हकीकत प्रसिद्ध केली. रबर पक्कें करण्यास कार्बन डायसल्फाइड हा द्रव वापरीत. त्याच्या वाफेनें डोकेदुखी, निद्रानाश, स्मृतिभ्रंश व प्रसंगीं उन्माद जडे. परंतु हा पुरावा रोग उघड झाल्यानंतरचा. पुढें १८८८ सालीं शार्को ह्यांनीं अशाच एका कामगाराचें दुखणें हिस्टेरियांत गणलें. वाफ केवळ निमित्तमात्र ठरली.

फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ हेलेना हॅनिनेन ह्यांनीं १९७१ सालीं निराळें साधन पुढें आणिलें. विषबाधा ठरलेले, वाफेंत राबूनहि रोगी न ठरलेले आणि संपर्क नसलेले, असे पन्नास-पन्नास कामगारांचे तीन गट त्यांनीं मानसिक कसोट्यांनीं पारखिले. मधल्या गटांतहि न्यूनता आढळली. आमच्या मतें हा गटच निर्णायक पुरावा होय. कारण तेथें रोगाचें नांवहि नव्हतें.

१९८३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकींत अशा सात कसोट्यांचा संच ठरला. ऐकलेले अंक पुन्हां म्हणणें, खुणेस त्वरित प्रतिसाद देणें वगैरे त्यांत येतात. मात्र शिक्षणानेंहि गुण बदलतात. म्हणून तुल्य शिक्षणाचा संपर्करहित गट समोर नसेल, तर असा निष्कर्ष ग्राह्य धरूं नये.

उन्मत्त कामगाराची नोंद वैद्य पूर्वींहि करीत. धडधाकट दिसणाऱ्याची हानि मोजून त्यास वेळींच वाफेंतून दूर करण्याचें साधन हातीं येण्यास मात्र ११५ वर्षें लागलीं.