वेलोड्रोम : रिंगण आणि रिकामं मैदान



आजच्या व्याख्यानाची पत्रिका वाचून एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन केला. म्हणाला, "सर, नांदेडात वेलोड्रोम आहे तरी कुठं?" प्रश्न रास्त आहे. नांदेडात नाही, लातुरातही नाही. मग जी वस्तू आपल्याकडे नाही तिच्यावर तासभर बोलायचं कशाला? माझं म्हणणं असं की तिचा इतिहास आपल्याकडेही आलेला आहे, फक्त वेगळ्या नावानं आणि वेगळ्या वेशात. तो आपण ओळखला नाही, एवढंच.

आधी वस्तू समजून घेऊ. वेलोड्रोम म्हणजे सायकल शर्यतीचा लंबगोल ट्रॅक. दोन सरळ बाजू आणि दोन वळणं. वळणावर बाहेरची कड उचललेली, कढईच्या काठासारखी. वेगात वळणारा सायकलस्वार बाहेर फेकला जाऊ नये म्हणून हा उतार. उघड्यावरचे जुने ट्रॅक बहुधा काँक्रीटचे. त्यांतल्या पुष्कळांची लांबी ३३३.३३ मीटर, कारण तीन फेऱ्यांत बरोबर एक किलोमीटर होतो. आता जागतिक स्पर्धांना २५० मीटरचा लाकडी ट्रॅक लागतो, तोही छताखाली, आणि त्याच्या वळणाचा उतार चाळीस अंशांच्या वर जातो. त्यावरच्या सायकलीला ब्रेक नसतो, गिअर एकच, आणि पायडल मोकळं फिरत नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. आणि एक गंमत बघा. या उतारावर वेगात जाणारा सुरक्षित असतो आणि सावकाश जाणारा घसरतो. ही जागाच अशी आहे की तिच्यावर रेंगाळता येत नाही.

१८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं, तेव्हा निओ फालिरो इथं सायकलींसाठी असा ट्रॅक बांधला होता. आज त्या जागी फुटबॉलचं स्टेडियम आहे. लंडनमधलं हर्न हिल त्याहून जुनं, १८९१ चं. १९४८ च्या ऑलिंपिकमधल्या ट्रॅकवरच्या शर्यती तिथंच झाल्या आणि स्वतंत्र भारताचं पथक त्या शर्यतींत उतरलं होतं. रोहिंटन नोबल, रुसी मुल्ला फिरोझ, आदी हवेवाला ही त्यातली काही नावं. नावांवरूनच लक्षात येईल की ही पारशी मंडळी. देशातली सायकल शर्यतींची संघटना उभी करणाऱ्यांत सोहराब भूत होते, आणि त्यांच्याबरोबर जानकीदास. हो, हिंदी चित्रपटांत छोट्या छोट्या भूमिकांत दिसणारे तेच जानकीदास.

पुढं १९८२ च्या आशियाई स्पर्धेसाठी दिल्लीत यमुना वेलोड्रोम झाला, उघड्यावरचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेला दिल्लीतच छताखालचा लाकडी ट्रॅक आला. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात २००२ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या निमित्तानं ट्रॅक बांधला गेला. आमच्या वडिलांच्या पिढीतली मराठवाड्याची मुलं पदवीसाठी त्याच विद्यापीठात जात. म्हणजे ती जागा आपल्याला परकी नाही.

आणि महाराष्ट्रात? पुण्याजवळचं बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं आणि त्यात वेलोड्रोमही आला. जरा तारखा जुळवून बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप. १९९४ च्या सुरुवातीला पुण्यात राष्ट्रीय स्पर्धा. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. एका वर्षाच्या आत राज्यानं ढिगारे उपसले, ट्रॅक बांधला आणि आपल्याला विद्यापीठ दिलं. यांतलं एक दुसऱ्याच्या बदल्यात झालं असं मी म्हणत नाही. पण त्या वर्षी लातूर-उस्मानाबादच्या पोराला बालेवाडीचा ट्रॅक किती दूर वाटला असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

आता आपल्याकडे येऊ. माझं लहानपण कंधार तालुक्यातलं. तेव्हा सायकल विकत घेणं म्हणजे मोठाच सौदा. पोरं तासाच्या भाड्यानं घेत आणि नळीत एक पाय घालून कैचीनं शिकत. अशा गावात वर्षा-दोन वर्षांनी एक माणूस यायचा. शाळेच्या मैदानात बांबू रोवायचा, कर्णा बांधायचा आणि सायकलवर बसायचा. पाच दिवस, सात दिवस खाली पाय टेकवायचा नाही. जेवण सायकलवर, अंघोळ सायकलवर, दाढी सायकलवर. बाया डोक्यावरची पाटी खाली ठेवून बघत उभ्या राहत. कुणी त्याच्या सदऱ्याला टाचणीनं नोट लावी, कुणी पायलीभर ज्वारी देई. शेवटच्या दिवशी सत्कार, नारळ, आणि तो पुढच्या गावाला. मनोजकुमारच्या 'शोर' या १९७२ च्या चित्रपटात नायक मुलाच्या उपचारासाठी अशीच सायकल चालवतो. आमच्यासाठी ते काही सिनेमातलं नवल नव्हतं. मैदानातलं होतं.

त्या माणसाच्या चाकानं सात दिवसांत मातीत एक गोल उमटायचा. माझ्या लेखी मराठवाड्यातला पहिला वेलोड्रोम तो. त्याला ना उतार, ना काँक्रीट, ना अंदाजपत्रक. पण चालवणारा होता आणि बघणारे होते.

दुसरा पुरावा याहून भक्कम आहे. लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. लातूरला सिद्धेश्वराची यात्रा भरते. अशा यात्रांत 'मौत का कुआँ' असतो. फळ्यांची उंच विहीर आणि तिच्या उभ्या भिंतीवर गरगरणारी मोटरसायकल. हा खेळ आला कुठून? अमेरिकेत १९१० साली लॉस एंजेलिसजवळ मोटारींच्या शर्यतीसाठी गोल लाकडी ट्रॅक बांधला गेला. त्याचं बांधकाम सायकलींच्या वेलोड्रोमवरून घेतलेलं होतं, आणि बांधणारा जॅक प्रिन्स हा स्वतः जुना सायकलपटू. लगेच १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत त्याची छोटी आवृत्ती उभी राहिली. पुढं उतार वाढत वाढत भिंत सरळ उभी झाली. म्हणजे माळेगावच्या धुळीत जी फळ्यांची विहीर उभी राहते ती वेलोड्रोमची नात आहे. वेगात असशील तर टिकशील, थांबलास तर पडशील, हा नियम दोन्हीकडे एकच. खंडोबाच्या यात्रेत तो तिकीट काढून बघणाऱ्या आपल्या माणसाला हे घराणं कुणी सांगितलं नाही.

आता अवस्थेबद्दल. उघड्यावरच्या ट्रॅकचं दुखणं बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. उन्हानं काँक्रीट प्रसरण पावतं, रात्री आकसतं, सांधे उघडतात. पावसाचं पाणी आत शिरतं. वळणाचा उंचवटा भरावावर असतो, तो भराव कुठंतरी बसतो. मग दोन पट्ट्यांत बोटभर उंचीचा फरक पडतो आणि सांध्यातून गवत डोकं काढतं. सकाळी फिरायला येणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण अंगठ्याएवढ्या रुंदीच्या, दगडासारख्या टणक टायरवर ताशी पन्नास-साठ किलोमीटरनं येणाऱ्या पोराला तो बोटभर उंचवटा हाड मोडायला पुरेसा आहे. म्हणून रोज पोरं सरावाला येत असतील तर पहिल्या भेगेलाच आरडाओरडा होतो. कुणीच येत नसेल तर दहाव्या भेगेलाही कोण बोलणार?

माझा विषय तत्त्वज्ञान, तेव्हा एवढं म्हणू द्या. न्यायसूत्रांत सोळा पदार्थ मोजले आहेत, त्यांत चौथा 'प्रयोजन'. ज्यासाठी माणूस कृतीला लागतो ते प्रयोजन. आपल्याकडे क्रीडांगणाचं प्रयोजन पुष्कळदा स्पर्धेचं उद्घाटन हेच ठरतं. उद्घाटन झालं की प्रयोजन संपलं, आणि मग उरतं ते नुसतं बांधकाम. हर्न हिलचं उदाहरण उलटं आहे. २००५ च्या सुमारास जागेच्या भाडेपट्ट्याचा वाद होऊन तेही बंद पडण्याच्या बेतात आलं. पण तिथं आठवड्याला सायकल चालवणारी माणसं होती, त्यांनी ते सोडलं नाही, आणि २०११ मध्ये ट्रॅकवर नवा थर पडला. पुढं ऑलिंपिक गाजवणाऱ्या ब्रॅडली विगिन्सनं शर्यतीची सुरुवात तिथंच केली होती. तो ट्रॅक वाचला तो अशा माणसांमुळे.

एकीकडे माणसं होती, ट्रॅक नव्हता. ते आपलं मराठवाडा. दुसरीकडे ट्रॅक झाले, माणसं जमवायची राहिली. या दोघांची गाठ पडली नाही, हा माझ्या दृष्टीनं या इतिहासाचा सारांश.

गाठ पडली तर काय होतं तेही सांगतो. २०१९ मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्ट ऑडर इथं कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या मुलांनी सांघिक स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं. त्यांतला एसो अल्बेन अंदमानचा, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग मणिपूरचे. दिल्ली-मुंबईचा एकही नाही.

तेव्हा कुणी नांदेडला किंवा लातूरला वेलोड्रोम मागत असेल तर मी विरोध करणार नाही, पण क्रम बदला असं म्हणेन. मानव विकास कार्यक्रमातून नांदेड जिल्ह्यातल्या अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. या मुली रोज तीन-चार किलोमीटर, उन्हातान्हात, दप्तर घेऊन सायकल मारतात. त्यांची शर्यत आपण कधी घेतली? चारशे मीटरचं साधं मातीचं रिंगण, चुन्याची रेघ, एक शिट्टी, एक घड्याळ. खर्च एका सत्कार समारंभाएवढाही नाही. तालुक्यातालुक्यात दर वर्षी, ठरलेल्या तारखेला. ही शर्यत सलग दहा वर्षं झाली तर काँक्रीट मागायला आपल्याला मंत्र्यांच्या दारात जाऊन बसावं लागणार नाही. त्या मुलीच मागतील, आणि त्यांनी मागितलेल्या ट्रॅकवर गवत उगवणार नाही.