वजनावरून घडी

राहुरीच्या कृषि विद्यापीठामुळें बियाण्यांतील डीएनएची गोष्ट या तालुक्यांतील सुशिक्षित घरांस अपरिचित राहिलेली नाहीं. परंतु त्या न्यूक्लिइक आम्लाच्या अक्षरांचा क्रम वाचणें वेगळें आणि त्याच्या लहानशा तुकड्याची घडी ओळखणें वेगळें. ही घडी चक्क वजनाच्या यंत्रानें ओळखण्याचा उद्योग कसा सुरू झाला, तें पाहण्यासारखें आहे.

इ. स. १९१० मध्यें ग्वानिलिक आम्लाचा दाट द्राव थिजतो असें इव्हार बँग यांस आढळलें. कारण कळावयास ५२ वर्षें लागलीं. १९६२ सालीं गेलर्ट, लिप्सेट व डेव्हिस यांनीं दाखविलें कीं, चार ग्वानीन मिळून एक चौकोन होतो व असे चौकोन एकावर एक रचले जातात.

इकडे थॉमसन यांनीं १९१३ मध्यें निऑनचे २० व २२ असे दोन भार निराळे करून दाखविले. ॲस्टन यांचा वस्तुमान-वर्णपटलेखक १९१९ चा. पण नाजूक रेणु न मोडतां त्यांत उडवावा कसा? ती अडचण फेन यांनीं १९८० नंतरच्या दशकांत विद्युत्-तुषारांच्या युक्तीनें दूर केली. २००२ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला तो याचसाठीं.

वजन कळलें तरी आकार कसा कळावा? ऊसकऱ्यांच्या मुलखांत हें सांगणें सोपें आहे. पाचटाची आवळलेली पेंढी आणि तेवढ्याच वजनाचें मोकळें पाचट वाऱ्याविरुद्ध फेंकून पाहावें! रेणूंनाही विरळ वायूंतून असेंच धांवावयास लावितात; आटोपशीर रेणु आधीं पोंचतो, पसरलेला रेंगाळतो.

तथापि शंका मोठी आहे. पेशींतील पाण्यांत राहणारा रेणु कोरड्या नळींत आपली घडी टिकवितो काय? मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत गोविल व होसूर यांनीं चुंबकीय अनुस्पंदनाच्या साह्यानें अशा रेणूंच्या आकृति द्रावांतच तपासल्या. त्या साक्षीपुढें ही कोरडी साक्ष कितपत धरावी? चौकोनांपुरतें उत्तर अनुकूल आलें. तीन चौकोन रचले असतां मधल्या दोन पोकळ्यांत दोन अमोनियम आयन अडकतात, आणि उडाल्यावरही ते वजनांत भरतात. घडी उलगडली असती तर ते निसटले असते. आकाराचा इतका नेटका पुरावा निव्वळ वजनानें द्यावा, याची मला मोठी गंमत वाटते.

दुहेरी पिळाच्या आखूड तुकड्यांनीं मात्र दगा दिला. डॉ. व्हॅलेरी गाबेलिका व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ मध्यें दाखविलें कीं, पाणी सुटतांच हे तुकडे आखडतात. एरवीं परस्परांपासून दूर राहणाऱ्या फॉस्फेट-गटांत नवे हायड्रोजन-बंध जुळतात आणि पिळाची खांच मिटते. अशा तुकड्यांचीं मापें द्रावांतील मापांशीं ताडून पाहिल्यावांचून कोणी जमेस धरीत नाहीं.