तीन वर्षांचा कागद आणि हजारो सह्या

मागच्या महिन्यात आम्ही रेडिओची मंडळी एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि एक मावशी पदराखालून एक कागद काढून म्हणाल्या, "पोरगी जीएनएम झाली. जर्मनीला बोलावतात म्हणे. तीन वर्षांचा करार आहे. सही करू दे का तिला?"

कुणी म्हणालं पाठवा, कुणी म्हणालं परक्या मुलखात पोरीला कशाला. आम्हालाही लगेच काही सांगता आलं नाही. पण घरी आल्यावर आठवलं, की हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशातल्या हजारो आयांनी विचारला होता. देश तोच, जर्मनी. करारही तीन वर्षांचाच. तर आज त्या मुलींची गोष्ट सांगतो.

तो देश म्हणजे दक्षिण कोरिया. आज तिथल्या गाड्या आणि मोबाईल आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत आलेत. पण १९५० ते १९५३ या तीन वर्षांत तिथं मोठं युद्ध झालं. घरंदारं गेली, शेतं ओस पडली. शिकलेल्या पोरापोरींनाही काम मिळेना. तिकडे पश्चिम जर्मनीत उलटी गत होती. कारखाने जोरात चालले होते, आणि खाणीत उतरायला, दवाखान्यात रुग्ण सांभाळायला माणसं मिळत नव्हती.

१९६३ च्या अखेरीपासून कोरियातून पुरुष खाणकामाला जाऊ लागले. नर्स मुली थोड्या संख्येनं चर्चच्या ओळखीतून आधीच जात होत्या. मग जर्मनीतच काम करणाऱ्या डॉ. ली सु-किल यांच्या खटपटीतून १९६६ च्या सुरुवातीला १२८ नर्सेसची तुकडी विमानानं फ्रँकफर्टला उतरली. पुढं दोन्हीकडच्या संस्थांमध्ये रीतसर करार झाला. १९७६ पर्यंतच्या दहा वर्षांत सुमारे दहा हजार नर्स आणि मदतनीस मुली गेल्या. बहुतेक विशीतल्या. काही लग्न झालेल्या, लेकरं आजीकडे ठेवून गेलेल्या.

तिथं गेल्यावर पहिला धक्का भाषेचा. जर्मन येत नाही म्हणजे रुग्ण काय मागतोय ते कळत नाही, आणि आपण शिकलेल्या आहोत हेही सांगता येत नाही. दुसरा धक्का कामाचा. आपल्याकडं सरकारी दवाखान्यात माणूस ॲडमिट झालं की उशाशी घरचं कुणीतरी बसतं. अंग पुसणं, भरवणं, भांडं देणं ते घरचं माणूस करतं. कोरियातही तसंच होतं. नर्सनं इंजेक्शन द्यायचं, औषध द्यायचं, डॉक्टरांना मदत करायची. जर्मनीत रुग्णाजवळ घरचं कुणी थांबत नसे. अंघोळ घालणं, कूस बदलणं, मलमूत्र काढणं, भरवणं, सगळं नर्सकडे. त्यात नव्या आलेल्या कोरियन मुलींच्या वाट्याला कित्येकदा साफसफाईही यायची. प्रशिक्षण घेतलेल्या मुलींना वाटलं, आपल्याला मोलकरीण म्हणून आणलं की काय?

इथं आम्हालाही थांबून विचार करावासा वाटतो. अंग पुसण्याचं काम हलकं, असं आपण का धरतो? घरी सासऱ्याचं, आईचं तेच काम सून आणि लेक करते आणि ते कुणी मोजत नाही. जर्मनीत त्याच कामाचा पगार होता. पण पगार मिळाला तरी मान मिळतोच असं नाही, हेही त्या मुलींनी तिथंच पाहिलं.

खाण्याचे हाल वेगळेच. किमची, म्हणजे कोबीचं तिखट-आंबट लोणचं, त्यांना दोन्ही वेळा लागतं. जर्मनीत मिळेल त्या कोबीवर त्यांनी ते घातलं, तर लसणाचा वास येतो म्हणून शेजारी नाकं मुरडत.

एवढं सोसून आलेला पैसा कुठं गेला? बराचसा घरी गेला. भावाच्या कॉलेजची फी, धाकट्या बहिणीचं लग्न, आईबापाचं कर्ज, जमिनीचा तुकडा. आपल्या गटातल्या कर्जाची वही उघडली तर हीच कारणं दिसतील. कोरिया वर आला त्यात या मुलींच्या पगाराचाही वाटा होता. पण तिथल्या पुस्तकांत त्यांची दखल यायला पुष्कळ वर्षं गेली.

आता कागदाकडे येऊ. करार तीन वर्षांचा. पुढं वाढवायचा तर दवाखान्याची मर्जी. आणि राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की देशात राहण्याचा हक्कही गेला. दिवस बरे होते तोवर हे कुणाला खुपलं नाही. करार वाढत गेले, भाषा जिभेवर बसली, काहींनी तिथंच लग्नं केली, मुलं झाली.

मग १९७३ साली जगभर तेलाचे भाव भडकले. जर्मनीतही कामं कमी झाली, बेकारी वाढली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सरकारनं बाहेरून कामगार आणणं थांबवलं. नर्सेसची गरज होती म्हणून त्यांना काही काळ सूट मिळाली. पण १९७७ च्या सुमारास ठिकठिकाणी कोरियन नर्सेसना सांगण्यात आलं, करार संपला, आता परत जा. दहा-दहा वर्षं ज्यांनी रात्रपाळ्या केल्या, त्यांनाही.

एकटीनं साहेबापुढं जाऊन रडून काही झालं नसतं. यातल्या काही जणी आधीपासून सुट्टीच्या दिवशी जमत होत्या, बोलत होत्या, वाचत होत्या. त्यांनी ठरवलं, सह्या गोळा करायच्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तुम्हाला गरज होती म्हणून तुम्ही बोलावलंत, आम्ही आलो. आम्ही काही माल नाही, की गरज संपली म्हणून परत धाडावा. राहायचं की जायचं ते आम्हाला ठरवू द्या. हा कागद घेऊन त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या, चर्चमध्ये गेल्या, दवाखान्यांत फिरल्या. ज्यांची अंगं त्यांनी पुसली होती त्या समाजातल्या लोकांनी हजारोंनी सह्या केल्या. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. अखेर १९७८ साली सरकार नमलं. ज्यांनी सलग काही वर्षं काम केलं होतं त्यांना मुदत नसलेला परवाना मिळण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी या बायांनी आपली संघटनाही बांधली. म्हणजे तोही आपल्यासारखा एक गटच.

याच काळात आपल्या देशातल्या मुलीही जर्मनीत होत्या. केरळमधून चर्चच्या मार्फत गेलेल्या. त्यांच्यापुढंही परवान्याची हीच टांगती तलवार आली. त्यांचे नवरे मागाहून गेले, तर त्यांना कित्येक वर्षं कामाची परवानगी नव्हती. बायको ड्युटीवर, नवरा घरी मुलं सांभाळतोय. आज हे ऐकून काही जणी हसतील, पण त्या घरांत ते सोपं गेलं नाही.

कागद कच्चा असला तर काय होतं हे अलीकडेही दिसलं. २०१४ साली इराकमधल्या तिकरित शहरात लढाई पेटली आणि तिथल्या दवाखान्यात ४६ भारतीय नर्स अडकल्या. बहुतेक केरळच्या. जुलैमध्ये त्या सुखरूप कोचीला उतरल्या. पण त्याआधी त्यांच्यातल्या काही जणी परत यायलाच तयार नव्हत्या. जाण्यासाठी घेतलेलं कर्ज डोक्यावर होतं आणि पगार थकला होता. गोळीबारापेक्षा कर्जाची भीती मोठी वाटावी, यावरून काय ते समजा. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारनं आखाती देशांसह १८ देशांत जाणाऱ्या नर्सेसची भरती सरकारी संस्थांमार्फतच करायचं ठरवलं.

आता जर्मनीत म्हातारी माणसं वाढलीत आणि नर्सेसची मागणी पुन्हा निघालीय. २०२४ साली आपल्या महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सिंगचं कामही आहे. म्हणजे मावशींच्या हातातला कागद उद्या आणखी घरांत येणार.

पुढच्या बैठकीत आम्ही तो कागद सगळ्यांसमोर वाचला. पगार किती आणि कापणार किती? काम नर्सचं की मदतनिसाचं? आपलं प्रमाणपत्र तिथं कधी मान्य होणार? भाषेचा क्लास कुणाच्या खर्चानं? मधेच नोकरी सुटली तर परवान्याचं काय? मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कुणाच्या ताब्यात? एजंटाची सरकारकडे नोंदणी आहे का? सातपैकी दोन प्रश्नांची उत्तरं कागदात होती, एकाचं अर्धवट, बाकीच्यांची नव्हतीच. मावशींनी सही थांबवली आहे. मुलीनं एजंटाकडं उत्तरं लेखी मागितली आहेत, आणि जर्मनचा क्लास मात्र सुरू केला आहे.

कोरियात नामहे नावाच्या बेटावर एक गाव वसलं आहे. तांबड्या कौलांची जर्मन घरं, समोर समुद्र. म्हातारपणी परतलेल्या नर्स आणि खाणकामगार तिथं राहतात. ज्यांना यायचं होतं त्या आल्या, ज्यांना राहायचं होतं त्या जर्मनीत राहिल्या. हे ज्याचं त्यानं ठरवायचं, एवढ्यासाठीच त्या सह्या होत्या.

तुमच्याही गटात असा कागद आला असेल तर सही करण्याआधी बैठकीत वाचा. आणि काय निघालं ते आम्हाला कळवा.