आपटे, हरि नारायण : प्रेरणा व लेखनपद्धती

(८ मार्च १८६४–३ मार्च १९१९). मराठी कादंबरीला अद्‍भुतरम्यतेकडून वास्तवाकडे वळविणारे कादंबरीकार. जन्म खानदेशातील पारोळे येथे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर यांचे संस्कार त्यांच्यावर झाले. चिपळूणकरांच्या निधनानंतर (१८८२) त्यांनी ‘शिष्यजनविलाप’ हे काव्य रचले. स्वभाषेचा अभिमान त्यांनी चिपळूणकरांकडून, तर समाजसुधारणेची तळमळ आगरकरांकडून घेतली. महाविद्यालयीन शिक्षण पदवीपर्यंत पोहोचले नाही. तथापि इंग्रजी कादंबऱ्यांचे त्यांचे वाचन विपुल होते. मधली स्थिती (१८८५) ही पहिली कादंबरी रेनल्ड्झच्या, तर म्हैसूरचा वाघ ही मेडोज टेलरच्या कादंबरीच्या आधारे लिहिलेली आहे.

चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापिलेल्या (१८८८) आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे होती. १८९० मध्ये त्यांनी करमणूक हे साप्ताहिक काढले आणि पुढे बहुतेक कादंबऱ्या त्यातून क्रमशः प्रसिद्ध केल्या. या प्रथेचे बरेवाईट परिणाम त्यांच्या लेखनावर झाले. ठरल्या दिवशी मजकूर द्यावयाचा असल्याने पाल्हाळ वाढला, रचना सैल झाली. गणपतराव व आजच यांसारख्या काही कादंबऱ्या तर अपूर्णच राहिल्या. उलटपक्षी, आठवड्यामागून आठवडे घरोघरी वाचल्या जाणाऱ्या या लेखनाला घरगुती बोलीचा जिव्हाळा लाभला.

त्याचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे पण लक्षात कोण घेतो? ही कादंबरी. तिचे प्रकाशन चालू असतानाच संमतिवयाचा कायदा (१८९१) होऊन पुण्यात तीव्र वाद माजला होता. या वादात स्त्रीविषयी पुष्कळ बोलले जात होते. स्वतः स्त्रीला मात्र फारसे कोणी बोलू देत नव्हते. हरिभाऊंनी सर्व कथा यमूच्याच तोंडून वदविली. माहेर, सासर, अल्पकाळचे संसारसुख, वैधव्य व बळाने केलेले केशवपन हे सारे ती आत्मकथनाच्या ओघात सांगते. निबंधातील युक्तिवादाला प्रतिवाद करता येत असे. यमूच्या अनुभवाला तसा करणे अवघड होते.

उषःकाल (१८९५–९७) व विजयानगरच्या विनाशावरील वज्राघात (१९१३–१५) या ऐतिहासिक कादंबऱ्यांतून स्वदेशाभिमानाची प्रेरणा व्यक्त होते. स्कॉटचा प्रभावही त्यांत जाणवतो. परंतु ज्ञात समाजाच्या निरीक्षणातून आलेली सूक्ष्मता त्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांतच अधिक आढळते. करमणूकच्या हप्त्यांनी त्यांच्या रचनेची हानी केली, तरी त्याच हप्त्यांनी मराठी कादंबरीला माजघरापर्यंत नेले.